बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शेवटचं टेबल बटणमावशीचं होतं. कापणीच्या टेबलावरून निघालेला शर्ट कॉलर, बाह्या, खिसे अंगावर चढवत तिच्यापर्यंत पोचायचा, तेव्हा त्याचं फक्त तोंड मिटायचं राहिलेलं असायचं. यंत्राने लावलेलं प्रत्येक बटण ती बोटाने ओढून बघायची. सैल असेल ते हाताने पक्कं करायची, फुटकं असेल ते बदलायची. बदललेलं बटण कोणतं हे नंतर कुणाला ओळखता येऊ नये, असा तिचा हट्ट असायचा.

"पांढरं ते पांढरं, मावशी. लावा कुठलंही," सुपरवायझर म्हणायचे.

"हे दुधाचं पांढरं, हे सायीचं. तुम्हाला दिसत नसेल तर चष्मा बदला, साहेब. मला बटण बदलू द्या."

तिचा डबा पत्र्याचा होता, दोन मजली. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या लावून केलेले खण, त्यांत बटणं. वर एक उथळ ताट बसायचं, त्यालाही तसेच खण. त्या ताटात गोळ्या असायच्या.

कारखान्यात भिंतीवर औषधांची पेटी होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरांच्या खिशात. डोकं दुखतंय म्हणून किल्ली मागायला गेलं की आधी "काल जागरण केलंस का?" पासून सुरुवात व्हायची. पाळीत पोट दुखत असेल तर त्या माणसासमोर काय सांगणार? त्यापेक्षा बायका मावशीच्या टेबलाशी येत. मान धरलेली, मनगट सुजलेलं, डोळ्यांमागे ठणका. मावशी ताटावर बोट फिरवायची आणि एक गोळी काढून तळहातावर ठेवायची. सोबत स्वतःच्या बाटलीतलं पाणी.

गोळ्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, आणि नडलंही नव्हतं. औषधाच्या दुकानातून पाकिटं आणली की ती एक-एक गोळी चंदेरी कागदातून सोडवून खणात टाकायची. कागद ठेवला की डब्यात कचरा होतो, असं तिचं म्हणणं. खणांना नावं तिची स्वतःची: डोक्याची पांढरी, अंगाची पिवळी, कंबरेची लांबट, सर्दीची गुलाबी. ज्याची जागा त्याला. बटणांचं जे शास्त्र, तेच गोळ्यांचं.

"मावशी, सासू बोलायला लागली की डोकं धरतं. त्यावर कुठली?" इस्त्रीवाला एकदा वाफेच्या ढगातून ओरडला.

"त्यावर गोळी नसते. कानात कापूस घाल, तो माझ्याकडे आहे."

शेजारच्या टेबलावर काजाचं यंत्र चालवणारी तिची मैत्रीण होती, तिला सगळे काजवाली म्हणत. ती हसता हसता म्हणायची, "डॉक्टरकडे जाऊन आले तर दोन दिवस दुखतं. हिच्या हातून घेतली की चहाच्या सुट्टीपर्यंत गायब. हाताला गुण आहे हो हिच्या."

हे वाक्य मावशीला फार आवडायचं. ती वर बघायची नाही, सुईत दोरा ओवत राहायची, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं, आयुष्यात कुणी तिचं फारसं कौतुक केलं नव्हतं. हाताला गुण आहे एवढं मात्र पुन्हा पुन्हा म्हटलं गेलं. आणि कधी कुणाला काही झालंही नाही. एखादी बाई यायची, एखादी गोळी घ्यायची, कामाला लागायची. गोष्ट तिथेच संपायची.

तिच्या हाताचा गुण चालत नव्हता तो फक्त घरी.

मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. गेला की परतायला दिवस लागायचे. त्याने आपली आपण बघून लग्न केलं होतं. सून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू काढायची आणि लावायची. मुलगी सरळ होती, उलट बोलणारी नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. मावशीची अडचण अशी होती की सून कधी काहीच मागत नव्हती.

"चहा टाकू का गं?"

"मी घेते, आई."

"केसांना तेल लावून देऊ?"

"मी लावते, आई. तुम्ही बसा."

तिच्या कोटाचं मधलं बटण तुटलं, तेव्हा मावशीने मनातल्या मनात डब्यातलं जुळणारं बटण काढूनही ठेवलं. सकाळी बघते तर सुनेने आपलं आपण लावलेलं. तपकिरी कोटाला काळं, तेही निळ्या दोऱ्याने. मावशी त्या बटणाकडे रोज बघायची आणि रोज शब्द गिळायची.

"ती मामाच्या घरी वाढली, आई," मुलाने एकदा समजावलं. "तिथे काही मागितलं की मामी सगळ्यांदेखत विचारायची, आणखी काय काय हवंय? तेव्हापासून तिने मागणंच सोडलं. तुझ्यावर राग नाही तिचा."

"राग असता तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली. "रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते."

काजवालीपाशी ती स्पष्ट बोलायची. "मला सून मिळाली नाही गं. भाडेकरू मिळालीय. सभ्य भाडेकरू."

त्या वर्षी थंडीच्या अखेरीस गावभर तापाची साथ आली. कारखान्यातली निम्मी टेबलं रिकामी झाली, आणि एका संध्याकाळी सून दुकानातून आली ती कोट न काढताच पलंगावर आडवी झाली. मुलगा लांबच्या फेरीवर होता. मावशीने कपाळाला हात लावला. तवा.

"मी घेते काहीतरी," सून पुटपुटली, उठायला गेली आणि पुन्हा उशीवर पडली.

मावशीने तिचे बूट काढले. तिने काढू दिले.

दुसऱ्या दिवशी मावशीने कारखान्यात निरोप पाठवून रजा टाकली. डबा आदल्या दिवशीच घरी आला होता, तो तिने पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. ताप होता, त्याला पांढरी दिली. अंग ठेचून निघत होतं, त्याला पिवळी. नाक गळत होतं, त्याला गुलाबी. पडून पडून कंबर धरली, तेव्हा लांबट. शिवाय दुकानदाराने दिलेली लिंबाच्या चवीची पुडी होती, गरम पाण्यात विरघळवायची. ती मावशी औषधात धरतच नव्हती. घशाला बरं वाटावं म्हणून सरबत देतात तशी ती अधूनमधून करून द्यायची.

सुनेने मान उचलून डब्याकडे पाहिलं. तापलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आई, हा तर माझ्या स्क्रूच्या ट्रेसारखा आहे."

"मग? तूच एकटी नीटनेटकी आहेस असं वाटलं होतं का?"

"आमच्याकडे एक स्क्रू चुकीच्या भोकात गेला की अख्खा बोर्ड जातो. म्हणून प्रत्येकाचा खण वेगळा." ती थोडा वेळ गोळ्यांचे रंग बघत राहिली. "आमच्या मालकाला दाखवायला हवा हा डबा. त्याच्या टेबलावर स्क्रू, बिस्किटं, कानाला लावायचं ऐकायचं मशीन सगळं एकत्र असतं."

दोघी हसल्या. त्या घरात त्या दोघी पहिल्यांदाच एका वेळी हसल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस मावशीच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि हेच पुढे तिला सहन झालं नाही. सून बोलायला लागली. तापात माणूस जसं बोलतं तसं, सुरुवात एकीकडे आणि शेवट तिसरीकडे. मामाच्या घरातला जिन्याखालचा कोपरा, शाळेत असताना आजारी पडली तरी कुणाला न सांगता बाकावर डोकं ठेवून बसायची ते, पहिल्या पगारातून घेतलेलं भिंग. मावशी तिच्या केसांतून फणी फिरवायची आणि ऐकायची. आणि मग ते वाक्य आलं, ज्याची ती लग्नापासून वाट बघत होती.

"आई, ती पिवळी द्या ना. तुमच्या हातची घेतली की बरं वाटतं."

मावशीने दिली. पिवळीसोबत पांढरीही दिली, कारण कपाळ पुन्हा गरम लागत होतं. सून कण्हली की ती ताटावर बोट फिरवायची. शेवटची कधी दिली हे तिने ध्यानात ठेवलं नाही. दुखणं पुन्हा आलं म्हणजे गोळी संपली, इतका साधा हिशोब होता. सून काही खात नव्हती. भात दोन घास, पाव चहात बुडवून एखादा तुकडा. "औषध पोटात जातंय ना, मग अन्न नंतर," असं म्हणून मावशी स्वतःची समजूत घालायची.

ताप उतरू नये असं कुठल्या आईला वाटेल? मावशीलाही वाटत नव्हतं. पण सून बरी झाली की पुन्हा "मी घेते, आई" सुरू होईल, हा विचार दार किंचित उघडून आत डोकावायचा, आणि मावशी तो घाईघाईने बाहेर लोटायची.

मग सुनेला उलट्या सुरू झाल्या.

"गोळी पडली असणार उलटीतून," मावशी म्हणाली आणि पुन्हा दिली. तीही पडली, तेव्हा थोडं थांबून आणखी एक दिली. सुनेला उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मावशीला वाटलं, उलट्यांनी पोट ओढलं गेलं असेल. तिथे शेकलं.

मुलगा सकाळी फेरीवरून आला, पिशवी दारात टाकून बायकोजवळ गेला, आणि तिथूनच हाक मारली. "आई, इकडे ये. हिचे डोळे बघ."

डोळ्यांचं पांढरं सायीचं झालं होतं. नाही, सायीचंही नाही. पिवळं. जिला दोन पांढऱ्यांतला फरक कळायचा, तिला शेजारी बसून हा रंग चढताना दिसला नव्हता.

सरकारी दवाखान्याच्या तपासणी खोलीत हिरवा पडदा होता, त्याची एक कडी तुटलेली. डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, केस वर करून पेन्सिल खोचलेली. तिने सुनेचं पोट दाबलं, पापण्या ओढल्या, नाव विचारलं. सुनेने नाव सांगितलं, पण जरा उशिराने, जणू ते दुसऱ्या खोलीतून आणावं लागलं.

"गेल्या काही दिवसांत काय काय औषधं घेतली?"

"सर्दी-ताप होता," मुलगा म्हणाला. "एखादी गोळी घेतली असेल. ही औषधं घेणाऱ्यातली नाहीच."

डॉक्टर मावशीकडे वळली. "घरी तुम्ही होतात ना? नीट आठवा. दुकानातून आणलेली गोळी, पातळ औषध, पाण्यात घालायची पुडी, काहीही."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. औषधाने माणूस बरं होतं, औषधाने डोळे पिवळे कसे होतील, असं तिच्या मनात एकीकडे चाललं होतं. दुसरीकडे तिला कळलं होतं. मुलगा, डॉक्टर, दारातली नर्स, सगळे आपल्याच तोंडाकडे बघतायत हेही दिसत होतं. सासूने सुनेला गोळ्या घातल्या. हे वाक्य कारखान्यात, जिन्यात, नळावर कसं ऐकू येईल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आणि पलंगावर सून होती, जी तिच्याकडे विश्वासाने बघत होती. आईंना माहीत असेल, अशा नजरेने.

एखादी-दुसरी दिली, असं म्हटलं असतं तर कुणी खोटं पाडलं नसतं.

"मी दिल्या," मावशी म्हणाली. "पुष्कळ दिल्या."

"किती?"

"एका वेळी तीन-चार. वेगवेगळ्या."

"दिवसातून किती वेळा?"

"ती कण्हली की."

मुलाने मान वळवून आईकडे पाहिलं. डॉक्टरचा आवाज बदलला नाही, पण पेन्सिल केसांतून हातात आली. "नावं सांगा गोळ्यांची."

"नावं नाहीत मला ठाऊक. रंग ठाऊक आहेत."

"मग त्या गोळ्या घेऊन या. लगेच. तोवर मी रक्त पाठवते आणि उतारा सुरू करते. तुम्ही बोललात ते बरं केलंत. अहवालाची वाट बघत बसले असते तर वेळ गेला असता."

मावशी बसने घरी गेली आणि बसनेच परत आली. डबा मांडीवर होता. खड्ड्यांत बस आदळली की खालच्या मजल्यावरची बटणं आणि वरच्या गोळ्या एकच आवाज करायच्या. शेजारच्या बाईने विचारलं, "शिवणकाम करता का?" मावशीने मान हलवली.

दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर एक टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. त्याने पांढरा कागद पसरला आणि प्रत्येक खणातली एक गोळी त्यावर मांडली. गोळ्यांच्या पाठीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. मावशीने ती कैकदा पाहिली होती. बटणामागे कारखान्याची खूण असते तशी खूण असेल, असं तिला वाटायचं. त्या माणसाने चष्मा खाली ओढला, एकेक गोळी उजेडात धरली आणि भिंतीकडे बघत बोलावं तसं बोलत गेला.

"पांढरी. पॅरासिटामॉल. पिवळी. पॅरासिटामॉलच, जास्त ताकदीची. गुलाबी. सर्दीची आहे, पण निम्म्याहून जास्त पॅरासिटामॉल. लांबट. कंबरेची, त्यात एक दुसरं औषध आणि सोबत पॅरासिटामॉल." मग त्याने तिने सोबत आणलेली लिंबाची न फोडलेली पुडी पालथी करून वाचली. "आणि यातही तेच."

"पण ही कंबरेची," मावशी म्हणाली. "ही डोक्याची."

"बाई, गोळीला पोटात गेल्यावर पत्ता ठाऊक नसतो. ती रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते."

मावशी कागदाकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "म्हणजे एका काजात मी चार-चार बटणं कोंबत होते."

त्या माणसाला काज म्हणजे काय ते बहुधा माहीत नव्हतं. त्याने गोळ्या गुंडाळून डॉक्टरकडे पाठवल्या.

दुपारी डॉक्टरने मायलेकांना बाकावर बसवून सांगितलं. हे औषध वाईट नाही, तिने आधी हेच सांगितलं, मापात घेतलं तर साधं औषध आहे. धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी पाचशे मिलिग्रॅमची एक, फार तर दोन गोळ्या. पुढची निदान चार तासांनी, शक्यतो सहा. आणि अख्ख्या दिवसरात्रीत सगळ्या पाकिटांतलं, पुड्यांतलं मिळून चार ग्रॅमच्या वर कधीच नाही, म्हणजे पाचशेच्या आठ. माणूस बारीक असेल, पोटात अन्न नसेल, दारू घेत असेल, लिव्हर आधीच दुखावलेलं असेल तर त्याहूनही कमी, आणि तेही विचारून. "जास्तीचं सगळं लिव्हरला निस्तरावं लागतं. आणि ते लगेच ओरडत नाही. पहिले एक-दोन दिवस नुसती मळमळ, उलटी. तापाचीच असेल असं वाटतं."

"वाचेल ना?" मुलाने विचारलं.

"आज सांगता येणार नाही."

मुलगा उठून खिडकीशी गेला. पाठ वळवूनच तो म्हणाला, "पाकिटावर लिहिलेलं असतं, आई. सगळं लिहिलेलं असतं." ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बसमधल्या प्रवाशाला सांगावं तसं बोलला.

"पाकिटं मी ठेवत नाही," मावशी म्हणाली. "कचरा होतो."

पुढचे काही दिवस सून कधी ओळखायची, कधी नाही. एकदा मुलालाच मामा म्हणाली आणि जिन्याखालचा दिवा लावायला सांगितलं. तिला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल, असं दोनदा ठरलं आणि दोनदा लांबणीवर पडलं. नळीतून उतारा थेंब थेंब जात होता. मावशी बाहेरच्या बाकावर बसून असायची. आत जायला तिला कुणी मनाई केली नव्हती. आत गेल्यावर हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

काजवाली भेटायला आली. शेजारी बसली.

"मलाही दिल्यास की वर्षानुवर्षं," ती म्हणाली. "मला काही झालं का?"

"तू एक घेऊन कामाला लागायचीस. तुला जवळ बसून भरवायला मी कुठे आले होते?"

काजवाली जवळ सरकली. तिने मावशीचा हात धरला. मावशीने तो सोडवून घेतला.

मग एके सकाळी डॉक्टर बाहेर आली, पेन्सिल केसांत होती, आणि म्हणाली की आकडे खाली येतायत. लिव्हर सावरतंय. हा एक अवयव असा आहे की जरा संधी दिली तर पुन्हा उभा राहतो. मुलगा जमिनीवरच बसला आणि रडला. मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेली, हात मध्येच थांबला, मग तिने तो पदरासारखा स्वेटरच्या टोकात गुंडाळून घेतला.

सून घरी आली. अशक्त झाली होती, पण नजर स्वच्छ. तिच्या मनात काही नव्हतं, हे आधी सांगायला हवं. मुलाने एकदा स्वयंपाकघरात आवाज चढवला, "तुझ्या त्या डब्यापायी," तर तिने आतल्या खोलीतून त्याला हाक मारून गप्प केलं. "मीच मागत होते. आणि आई बोलल्या म्हणून मी आहे. त्या गप्प बसल्या असत्या तर?"

मावशीने हे ऐकलं आणि तिला वाटलं, गेलं ते संकट. त्या रविवारी तिने चहा केला, कप पलंगापाशी नेला. सुनेने हात पुढे केला. कप ओठांपर्यंत नेला. आणि तिथेच तो थांबला. तिने कप खाली ठेवला आणि तोंडावर हात धरून न्हाणीघराकडे गेली.

परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "आई, माझा राग नाही तुमच्यावर. खरंच नाही. पण तुमच्या हातून घेतलं की ती पिवळी जिभेवर येते. घशाखाली उतरत नाही हो."

"राहू दे," मावशी म्हणाली. "राहू दे, पोरी."

कारखान्यात ती पुन्हा रुजू झाली. डब्यातलं वरचं ताट तिने काढून टाकलं होतं. बाथरूमच्या दारापाशी कुणीतरी कुणाला म्हणालं, "सुनेला गोळ्या घातल्या म्हणे," आणि इस्त्रीवाल्याने इस्त्री आपटून विचारलं, "तुझ्या तोंडावर फिरवू का एकदा?" मावशीने दोघांचंही ऐकलं नाही असं दाखवलं. सुपरवायझरांनी पेटीची किल्ली खिळ्याला लटकवून ठेवली, कुणी न मागता. बायका तिकडे जायला लागल्या. काजवाली मात्र सवयीने एकदा तिच्या टेबलाशी आली, कपाळ दाबत.

"सकाळपासून काय घेतलंस?" मावशीने विचारलं.

"काय घेणार? सर्दीची ती एक."

"पाकीट दाखव."

काजवालीने पर्समधून चुरगळलेलं पाकीट काढलं. मावशीने ते खिडकीपाशी नेलं, हात लांब करून बारीक अक्षरं लावली, बोट एका शब्दावर ठेवलं. "हे बघ. आहे यात. आता चहाच्या सुट्टीनंतर बघू. पाणी पी आणि डोळे मिटून बस थोडा वेळ."

"काय गं, तुझ्या हातचा गुण गेला की काय," काजवाली थट्टेने म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

"हो," मावशी म्हणाली. सुईत दोरा ओवायला तिला त्या दिवशी वेळ लागला.

सुनेच्या तपकिरी कोटाला ते काळं बटण अजून आहे. जुळणारं मावशीच्या डब्यात पहिल्या खणात पडून आहे. ती सांगत नाही, सून मागत नाही. पण घर शांत आहे, कुणी कुणाला तोडून बोलत नाही, आणि लोकांनी बाहेरून बघितलं तर सगळं पूर्वीसारखंच वाटेल.

परवा सून दुकानातून आली ती कपाळ धरून. डोकं दुखत होतं, दिवसभर भिंगातून बघितलं की दुखतं तसंच. तिने कपाटातून पाकीट काढलं, मागची बाजू वाचली, घड्याळ पाहिलं, एक गोळी चंदेरी कागदातून बाहेर काढली. मावशी ओट्यापाशी होती. हाताला सवय होती. विचार पोचायच्या आत तिने ग्लास भरून पुढे केला होता.

सुनेने ग्लासकडे पाहिलं, मग मावशीकडे. तिने तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. क्षणभर तसाच धरून ठेवला, आणि हळूच टेबलावर ठेवला.

"मी घेते, आई," ती म्हणाली, आणि दुसरा ग्लास घेऊन नळाशी गेली.

तिने गोळी घेतली, पाणी प्याली, ग्लास विसळून पालथा घातला आणि आत जाऊन दिवा मालवून पडली. भरलेला ग्लास टेबलावर होता. मावशी थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तहान नव्हती तरी तिने तो उचलला, आणि उभ्या उभ्या, तळाशी काही उरणार नाही अशा बेताने, सगळा पिऊन टाकला.